वसंतातला बर्फ रात्री ठरतो: मराठवाड्यातून हिमालयात स्की टूरला जाणाऱ्यांसाठी हिमस्खलनाचा अंदाज

फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट मराठवाड्यात ज्यांनी पाहिली, त्यांना पश्चिमी झंझावात म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकत येणाऱ्या या प्रणालींचा फटका आपल्याला अधूनमधूनच बसतो, पण बसला की काढणीला आलेली ज्वारी आणि हरभरा झोपवून जातो. हिमालयाच्या पश्चिम भागाला मात्र त्या हिवाळाभर धडकत असतात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात डिसेंबर ते एप्रिल पडणारा बर्फ बहुतांश त्यांचाच. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे गारपिटीचा इशारा आला, तर गुलमर्ग किंवा मनालीकडे निघणाऱ्याने तिकडचा अंदाजही त्याच दिवशी उघडून बघावा. बऱ्याचदा दोन्हीकडची कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

हा लेख छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर, बीडकडून मार्च ते मे या काळात स्की टूरला जाणाऱ्यांसाठी आहे. स्की टूर म्हणजे लिफ्ट नाही, दाबून तयार केलेला उतार नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या, म्हणजे स्किन्स, चिकटवायच्या, आपल्या पायांनी चढायचं, वर पोचल्यावर स्किन्स काढायच्या आणि उतरायचं. स्की न करता बर्फातले ट्रेक करणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यावर 4 एप्रिल 2023 रोजी भर दिवसा हिमस्खलन झालं आणि 7 पर्यटक गेले. ते ना स्की करत होते, ना गिर्यारोहण.

एक गोष्ट आधीच सांगतो. वाचून कोणी उतारावर उभं राहू नये. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था स्कीचे कोर्स घेतात. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बर्फावरचं मूलभूत प्रशिक्षण मिळतं. तिथे शिकून या, पहिल्या काही टूर जाणकार स्थानिक गाइडबरोबर करा. पण गाइड आहे म्हणून आपण डोळे मिटून चालायचं, ही आपल्याकडची सवय मला पटत नाही. गाइडला योग्य प्रश्न विचारता येतील एवढं तरी प्रत्येकाला कळलं पाहिजे.

उताराचा कोन: हा अभ्यास घरीच होतो

हिमस्खलनं मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यातही 38 च्या आसपास सर्वाधिक. 30 पेक्षा कमी उतारावर बर्फ सहसा सुटत नाही. 50 च्या वर तो फारसा साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. अडचण अशी की स्की करायला मजा येते ती नेमकी 30 ते 40 मध्येच.

नुसत्या डोळ्यांना कोन कळत नाही. नवख्या माणसाला 25 अंशांचा उतार भिंत वाटतो, आणि चार दिवस सरावलेल्याला 35 चा उतार सोपा वाटायला लागतो. म्हणून मोजायचा. मोबाइलमध्ये कोनमापकाचं अ‍ॅप असतंच, पण थंडीत बॅटरी बसते, म्हणून काठ्यांची रीतही हाताशी हवी. आपल्या दोन्ही स्की-काठ्या 120 सेंटिमीटरच्या आहेत असं धरू. एका काठीवर टोकापासून 69 सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. उतारावर ती काठी, टोक आत न रुतवता, सरळ उभी धरा. दुसरी काठी त्या खुणेपासून चढाच्या दिशेने अगदी आडवी धरा. आडव्या काठीचं टोक बर्फाला जेमतेम टेकलं तर उतार 30 अंशांचा. टोक बर्फात घुसतंय, म्हणजे पुरी लांबी मावतच नाही, तर उतार जास्त तीव्र आहे. टोक अधांतरी राहिलं तर कमी. काठीची लांबी वेगळी असेल तर लांबीला 0.577 ने गुणा आणि तिथे खूण करा.

हा सराव करायला बर्फ लागत नाही. संभाजीनगरकरांना गोगाबाबा टेकडी आहे, बीड-धाराशिवकडे बालाघाटाचे उतार आहेत. आधी अंदाज बोलायचा, मग मोजायचं. दोन-तीन रविवारांत नजर बरीच सुधारते.

नकाशावरही कोन काढता येतो. 1:50,000 च्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये 40 मीटर उंचीचा फरक असेल, तर 30 अंशांच्या उतारावर त्या रेषा एकमेकींपासून साधारण 1.4 मिलिमीटरवर येतात. याहून दाट दिसल्या की तो भाग लाल पेनाने रंगवा. नकाशात छोटे कडे आणि वळ्या सपाट होऊन जातात, तेव्हा कागदावर 28 दिसलेला उतार जागेवर 34 निघू शकतो, हे धरून चाला.

आता यातला नेहमी सुटणारा भाग. आपण उभे आहोत ती जागा सपाट आहे म्हणून आपण सुरक्षित असतो असं नाही. वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ सपाटीवर लांबपर्यंत येतो. जिथे जेवायला बसणार तिथून वरच्या उताराच्या माथ्याकडे कोनमापक धरा. तो कोन 25 अंशांहून जास्त भरला तर मोठं हिमस्खलन तिथवर सहज पोचतं. साधारण 18 च्या खाली आला की बसायला हरकत नाही. अरुंद घळी, ओढ्याची पात्रं आणि कड्यांच्या वरचे उतार यांवर नकाशात वेगळी खूण करा. तिथे छोटासा घसरलेला बर्फही माणसाला खोल गाडतो किंवा कड्यावरून खाली नेतो.

परतीचं तिकीट

याला वेगळं शीर्षक देतोय कारण आपल्या भागातल्या गटांचं घोडं इथेच अडतं. सचखंड एक्स्प्रेसचं नांदेडहून किंवा संभाजीनगरहून जायचं आणि यायचं आरक्षण 60 दिवस आधी होतं. रजा मोजून घेतलेली असते. मग शेवटच्या दिवशी आभाळ गच्च असलं तरी कोणीतरी म्हणतं, "दादा, एवढ्या लांबून आलो, जाऊ ना थोडं वर." दादाही माणूसच असतो.

याला उपाय आधीच करायचा. चार दिवसांच्या टूरला किमान दोन दिवस मोकळे ठेवा. त्या दिवसांचं कामही ठरवून ठेवा: 25 अंशांखालच्या झाडीतली फेरी, बर्फात गाडलेल्याला शोधायचा सराव, गावातला मुक्काम. आपण साडेतीनशे ते सहाशे मीटर उंचीवरून जातो आणि गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे. पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय व्हायलाच लागतात, तेव्हा हे दिवस वाया जात नाहीत. गटात कोणीही एकाने "नको" म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही, हा नियम गाडीत बसण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वर गेल्यावर तो करायला जमत नाही.

रात्रीचं आभाळ

वसंतातल्या बर्फाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: उद्याचा बर्फ कसा असेल हे आज रात्रीचं आभाळ ठरवतं.

दिवसा ऊन वरचा थर वितळवतं. पाणी कणांमधून खाली झिरपतं. रात्री ते गोठतं आणि कण एकमेकांना पक्के चिकटतात. काही दिवस हे चक्र नीट चाललं की बर्फाचे जुने नाजूक थर मोडतात आणि ज्वारीच्या दाण्यांएवढे गोलसर, जाड कण तयार होतात. सकाळी हा बर्फ दगडासारखा कडक असतो. ऊन लागून वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ झाले की स्कीसाठी त्याच्यासारखं सुख नाही. आणखी दोन तासांनी तोच बर्फ गुडघ्यापर्यंत रुतणारा चिखल होतो, कणांमधले बंध पाण्याने सुटतात आणि उतार निसटू लागतो. म्हणजे एकच उतार, एकच दिवस, आणि सकाळी निर्धोक वाटलेली जागा दुपारी जीवघेणी.

गोठण्यासाठी हवेचं तापमान शून्याखाली जायलाच हवं असं नाही. बर्फ रात्रभर आकाशाकडे उष्णता फेकत असतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. ढग असले की ती उष्णता परत खाली येते आणि थर्मामीटर शून्य दाखवत असलं तरी बर्फ ओलाच राहतो. हे शास्त्र परभणीच्या शेतकऱ्याला पाठ आहे. तिथला पारा डिसेंबर-जानेवारीत एकदम घसरतो तो निरभ्र रात्रींना, आणि आभाळ आलं की थंडी पळते. गव्हाला रात्री पाणी देताना जे अंगाला कळतं, तेच 3,500 मीटरवर वापरायचं आहे.

म्हणून रात्री दोनदा तरी तंबूबाहेर या: झोपताना, आणि मध्यरात्रीनंतर लघवीला उठाल तेव्हा. चांदण्या स्वच्छ दिसतात का? वारा किती? वेळ आणि आभाळ वहीत लिहा. तीन रात्री सलग आभाळ राहिलं तर चौथ्या सकाळी तीव्र उताराचा विषय काढायचाच नाही, कारण एव्हाना पाणी खोल गेलेलं असतं आणि अख्खा जाड थर एकाच वेळी सुटण्याची शक्यता तयार होते.

सर्वात वाईट वेळ ती, जेव्हा पाणी जुन्या, नाजूक थरापर्यंत पहिल्यांदाच पोचतं. एकदा त्या थराने पाणी पाहिलं, पुन्हा गोठला, पुन्हा ओला झाला, की तो हळूहळू टणक होत जातो आणि पाण्याला खाली जायच्या वाटा मिळतात. पहिल्या वेळी मात्र त्याच्यात काहीच ताकद नसते. म्हणून मार्चमधली पहिली मोठी उष्ण लाट ही मेमधल्या तशाच उष्ण दिवसापेक्षा जास्त धोक्याची. हे दिशेनुसारही बदलतं. दक्षिणेकडचे उतार मार्चमध्येच हे सगळं भोगून स्थिर झालेले असू शकतात, आणि त्याच डोंगराचे उत्तरेकडचे उतार एप्रिलमध्ये पहिल्यांदा ओले होत असतात.

आदल्या संध्याकाळी

चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारे येतात. याच कामासाठी पूर्वी ओळखली जाणारी सासे ही संस्था 2020 मध्ये तिच्यात विलीन झाली. हे इशारे राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जाहीर करतं आणि स्थानिक बातम्यांतही येतात. त्यात जिल्हा, ठरावीक उंचीच्या वरचा भाग आणि पुढच्या 24 तासांची धोक्याची पातळी असते. जिल्हा केवढा आणि आपला उतार केवढा, हे विसरू नका. इशारा हा सुरुवातीचा मुद्दा, निकाल नाही. पाच पातळ्यांच्या मोजपट्टीत तिसरी पातळी मधली दिसते म्हणून ती मध्यम समजण्याची चूक सर्रास होते. युरोपात हिमस्खलनात सर्वाधिक माणसं तिसऱ्या पातळीच्या दिवशीच जातात, कारण चौथीला लोक घरी बसतात.

अंदाजात पुढच्या गोष्टी पाहा: रात्रीचे ढग, वारा, आणि शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे. ही पातळी ढोबळमानाने काढता येते. उंचीनुसार हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. मनाली साधारण 2,000 मीटरवर आहे. तिथे पहाटे 10 अंश असतील तर शून्याची पातळी साडेतीन हजारांच्या आसपास. खोऱ्यात रात्री थंड हवा साचते, त्यामुळे हा आकडा फसवू शकतो, पण दिशा कळते.

स्थानिक माणसांना विचारा. रोहतांगच्या किंवा सिस्सूच्या बाजूला ढाबेवाला, बर्फ काढणारे मजूर, घोडेवाले यांना कुठल्या नाळेतून दरवर्षी बर्फ येतो हे माहीत असतं. 2020 साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलमध्ये हिवाळ्यातही गाडीने जाता येतं. त्यामुळे पूर्वी त्या मोसमात कोणी न फिरकणाऱ्या उतारांखाली आता माणसं असतात. गाडी जाते म्हणून जागा निर्धोक ठरत नाही.

पहाटेची परीक्षा

निघायची वेळ उलटीकडून काढायची. उतार किती वाजता सोडायचा ते आधी, मग चढायला किती तास, मग गजर. बहुतेक वेळा गजर तीनचा निघतो.

तळावरून निघताना स्की न घालता बर्फावर उभे राहा. पूर्ण वजन टाकून पाय रुतला नाही, काठीचं टोक जोर लावूनही आत गेलं नाही, तर गोठणं चांगलं झालंय. मग फावड्याने एक छोटा खड्डा करून कडक थराची जाडी बघा. 10 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पुरेसा वेळ हाताशी आहे. दोन-तीन सेंटिमीटरचा पापुद्रा आणि खाली ओला भुसभुशीत बर्फ, हा सापळा आहे. पहाटे तो कडक वाटतो आणि ऊन लागल्यावर अर्ध्या तासात संपतो. पायच रुतला तर गोठलंच नाही. मग त्या दिवशीचा बेत 30 अंशांच्या खाली आणि वरच्या उतारांपासून लांब.

कडक बर्फाचाही स्वतःचा धोका आहे. पहाटेच्या गोठलेल्या 35 अंशांच्या उतारावर घसरलेला माणूस थांबत नाही. स्कीला आणि बुटांना लावायचे क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फात रुतणारे धातूचे दात, आणि आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, बरोबर हवीच.

चढताना: उन्हाचं घड्याळ

पूर्वेकडचे उतार सूर्य उगवताच तापू लागतात, मग आग्नेय, दक्षिण, आणि दुपारी पश्चिम. स्वच्छ दिवशी एप्रिलच्या मध्यावर पूर्वेकडचा उतार साधारण साडेआठ-नऊला मऊ होतो, दक्षिणेकडचा दहा-अकराच्या सुमारास. हे आकडे उंची, वारा आणि ढगांनुसार पुढेमागे सरकतात, म्हणून दर अर्ध्या तासाला पायाखाली तपासत राहायचं.

युरोपातल्या पुस्तकांतल्या वेळा इथे जशाच्या तशा चालत नाहीत. आल्प्स 46 अक्षांशांवर, मनाली 32 वर. एप्रिलच्या मध्यावर दुपारी मनालीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 68 अंश वर असतो, आल्प्सचा 54. म्हणजे हिमालयात 30 अंशांच्या उत्तरेकडच्या उतारालाही दुपारी चांगलं ऊन लागतं. आल्प्समध्ये सावलीत समजला जाणारा उतार इथे तापतो. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात संभाजीनगरला शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्याला डोक्यावर पाहण्याची आपल्याला सवय आहेच. मग उत्तरेचा उतार म्हणजे थंड उतार हे आंधळेपणाने का मानायचं?

वाटेत हाताने तपासायची सोपी गोष्ट: मूठभर बर्फ घ्या आणि दाबा. गोळा होत नसेल तर कोरडा. गोळा होतो पण पाणी सुटत नाही, तर दमट. हातमोजा ओला होतो तर ओला. पाणी ठिबकतंय तर निघायची वेळ झालीच आहे, बहुधा होऊन गेली आहे.

डोळे वर ठेवा. कड्यांखालून, झाडांखालून आणि काळ्या खडकांच्या कडेने बर्फाचे छोटे गोळे घरंगळू लागले, त्यांची चाकं बनू लागली, की उतार सैल होतोय. खडक आजूबाजूचा बर्फ आधी तापवतात, म्हणून सुरुवात तिथून होते. एका बिंदूतून सुटून खाली रुंद होत गेलेली ताजी घसरण दिसली तर त्याच दिशेचे बाकीचे उतारही त्याच अवस्थेत आहेत असं धरा. पायाखालून धप्प असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या पुढे बर्फात चीर धावली, तर चर्चा बंद. आलेल्या वाटेने परत.

धारेवरच्या कॉर्निसचा, म्हणजे वाऱ्याने बनवलेल्या लोंबत्या बर्फाच्या छज्जाचा, वेगळा हिशोब आहे. पश्चिमेचे वारे प्रबळ असल्याने ते बहुधा पूर्वेकडे लोंबतात, आणि सकाळचं पहिलं ऊन त्यांनाच लागतं. म्हणजे आपण पूर्वेच्या उतारावर मऊ बर्फाची वाट बघत असताना डोक्यावरचा छज्जा आपल्या आधी तापलेला असतो. वरून चालताना कडेपासून वाटतं त्याहून बरंच आत राहा. तुटण्याची रेषा अनेकदा कडेपासून कित्येक मीटर मागे असते.

गुलमर्गसारख्या भागात बर्फाखाली मर्ग, म्हणजे गवताळ कुरणं, आहेत. गुळगुळीत गवतावरून अख्खा थर हळूहळू सरकतो आणि वर धनुष्याकार भेगा पडतात. या भेगांखालचा बर्फ पहाटे थंडीतही सुटू शकतो, त्याला वेळापत्रक नाही. भेग दिसली की तिच्या खाली थांबायचं नाही, तिच्या खालून वाटही काढायची नाही. गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, वरच्या टप्प्याजवळच्या ठरावीक भागात गस्तीपथक असतं, पण दोर ओलांडला की तुम्ही आणि डोंगर. फेब्रुवारी 2023 मध्ये गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखरावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले.

वसंतात ताजा बर्फ पडला तर

एप्रिलमध्येही झंझावात येतो आणि रात्रीतून 30 सेंटिमीटर बर्फ टाकून जातो. दुसऱ्या दिवशी निळं आकाश, पांढरा डोंगर, सगळ्यांचे मोबाइल बाहेर. हाच दिवस टाळायचा. गोठलेल्या कडक जुन्या थरावर हा नवा बर्फ नीट चिकटलेला नसतो आणि एप्रिलचं पहिलं ऊन लागताच तो तासा-दोन तासांत ओला होऊन सुटतो. वारा असेल तर आडोशाच्या बाजूला त्याच्या जाड लाद्या बनतात. एक-दोन दिवस थांबा, रात्री निरभ्र जाऊ द्या. पावसाचं तर बोलायलाच नको. ताज्या बर्फावर पाऊस सुरू झाला की हिमस्खलनं काही मिनिटांत सुरू होऊ शकतात.

खणून बघावं का?

हिवाळी, कोरड्या बर्फात खणणं उपयोगाचं आहे. 30 बाय 30 सेंटिमीटरचा स्तंभ मोकळा करायचा, वर फावडं ठेवायचं, मनगटातून 10, कोपरातून 10 आणि खांद्यातून 10 थापा मारायच्या, कुठे सुटतो ते बघायचं. उत्तरेकडच्या, अजून ओल्या न झालेल्या उतारांसाठी ही चाचणी करा. ओल्या बर्फात मात्र सकाळी आठची चाचणी अकराबद्दल काहीच सांगत नाही. तिथे थर्मामीटर जास्त कामाचं: पृष्ठभागापासून जमिनीपर्यंत सगळीकडे शून्य अंश असेल तर बर्फात थंडीचा साठाच उरलेला नाही, आणि सगळा भार रात्रीच्या पापुद्र्यावर आहे.

उतरायचं कधी आणि कसं

बूट घोट्याच्या वर रुतू लागला की तीव्र उतार सोडायची वेळ आली. माथा अजून शंभर मीटर वर असला तरी. मी स्वतः वेळेची सक्ती पसंत करतो: अकरा वाजता जिथे असू तिथून खाली, मेमध्ये दहालाच. कडक आहे म्हणून नाराज होणारे होतात, पण घड्याळाशी वाद घालता येत नाही आणि बर्फाच्या मऊपणावर वाद दोन तास चालतो.

तीव्र उतारावर एकावेळी एकच जण. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावरून नजर हलवायची नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. काठी अडकली की हात मोकळा राहत नाही. मध्ये थांबायचं ते उतारातून बाहेर पडलेल्या उंचवट्यावर, घळीच्या तोंडाशी नाही. ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येतं, पण त्याचं वजन भयंकर. साचलेल्या ओल्या बर्फाचा एक घनमीटर 5 क्विंटलांहून जास्त भरतो. तो थांबला की घट्ट बसतो, त्यात गाडलेल्याला बोटही हलवता येत नाही.

कोणी गाडलं गेलं तर

पहिली 10 ते 15 मिनिटंच खरी. तेवढ्यात बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर, राज्याचं आपत्ती पथक (एसडीआरएफ), खालचं गाव, कोणीही या वेळात पोचत नाही. वाचवणारे म्हणजे तुमच्याबरोबरचे तीन-चार जण, म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच: 457 किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्ससिव्हर, म्हणजे एरवी संकेत सोडणारं आणि शोधताना दुसऱ्याचा संकेत पकडणारं यंत्र; किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची काठी; आणि धातूचं फावडं. एक जरी कमी असली तरी बाकीच्या दोन निरुपयोगी. ट्रान्ससिव्हर अंगावर, आतल्या कपड्यांवर बांधायचा, सॅकमध्ये ठेवायचा नाही. मोबाइल त्याच्यापासून 20 सेंटिमीटर दूर, आणि शोधताना 50. तळावरून निघताना एकेकाचा चालू आहे का ते तपासायचं.

हिमस्खलन थांबताच आधी वर बघा, दुसरं येतंय का. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा धरा. सगळ्यांनी ट्रान्ससिव्हर शोधावर टाकायचे. एकाचा जरी प्रक्षेपणावर राहिला तर तुम्ही त्यालाच शोधत बसाल. शेवटच्या जागेखाली साधारण 40 मीटरच्या पट्ट्यांत फिरा. संकेत मिळाला की बाणामागे जा. यंत्रावरचा अंतराचा आकडा 3 च्या खाली आला की यंत्र बर्फाला टेकवून हळू हलवा. सर्वात लहान आकड्यापाशी प्रोब उताराला काटकोनात घाला, मग 25 सेंटिमीटरच्या अंतराने बाहेर गोल फिरत जा. लागला की प्रोब तसाच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने खणा, थेट वरून नाही. एक पुढे फोडणारा, बाकीचे मागे बर्फ ओढणारे, आणि दर मिनिटाला जागा बदला. ओल्या बर्फात खणणं हेच सर्वात जास्त वेळ खातं. तोंड मोकळं होताच श्वासमार्ग साफ करा, श्वास नसेल तर तोंडाने द्या, मग बाकीचं अंग काढा. नंतर सॅकवर झोपवून कोरड्या कपड्यांत गुंडाळा. ओल्या बर्फातून आलेल्या माणसाला दुखापती असतातच, मान-पाठ सांभाळा.

याचा सराव मराठवाड्यातही होतो. नांगरलेल्या रानात चालू ट्रान्ससिव्हर डब्यात घालून हातभर खोल पुरायचा आणि स्टॉपवॉच लावायचं. काळ्या मातीची ढेकळं फोडताना ओल्या बर्फातल्या खणण्याची थोडीफार कल्पना येते. उन्हाळ्यात पैठणजवळ गोदावरीची वाळू मिळाली तर शोधाचा सराव आणखी सोपा. पाच मिनिटांत सापडत नसेल तोपर्यंत तिकीट काढू नका.

संपर्काचं शेवटचं. रेंज असेल तर 112. अनेक भागांत बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीर-लडाखमध्ये चालत नाही, म्हणून गटात एखादं पोस्टपेड सिम ठेवा. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये दिसतात तसे सॅटेलाइट फोन आणि संदेश पाठवणारी सॅटेलाइट यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे. विमानतळावर त्यापायी लोकांना अटक झालेली आहे. तेव्हा परदेशी राहणाऱ्या भावाने भेट म्हणून असं यंत्र पाठवलं असेल तर ते घरीच राहू द्या, आणि निघताना मार्ग, परतायची वेळ व गाइडचा नंबर हॉटेलवाल्याकडे कागदावर लिहून द्या.